जाताना म्हणायचा शब्द

तिकिटावरच्या टुई पक्ष्याचा एक पाय टपालाच्या शिक्क्याखाली गाडला गेला होता, दुसरा फांदीवर… लिफाफा पुस्तकातून काढला की दरवेळी आधी तेच दिसायचं, मग ओल्वेनचं मोठं, तिरकं अक्षर. पत्र उन्हाळ्यात आलं होतं. आता पामर्स्टन नॉर्थमध्ये सकाळी गाड्यांच्या काचांवर बर्फाची साय धरायला लागली होती आणि हरीशने उत्तर पाठवलं नव्हतं. खुणेसाठी म्हणून ते पत्र एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिलं. हालचाल म्हणावी तर तेवढीच.

पत्रात तसं विशेष नव्हतं. पापाकुराच्या वृद्धाश्रमात जेवण मऊ असतं. टीव्ही कोणी बघत नाही आणि कोणी बंदही करत नाही. दाराला आकड्यांचं कुलूप आहे, आकडे सगळ्यांना सांगतात, मला सोडून. आणि शेवटी: तू येतोस म्हणालास, म्हणून दुपारच्या चहाला मी दुसरा कप मांडायला लावते. इथल्या मुली हसतात. हसू देत.

तू येतोस म्हणालास.

म्हणाला होताच की. बायको, आशालता, गेल्यावर मुलाने, शंतनूने, पापाकुराचं घर आवरलं, बाबा आता आमच्याकडेच राहतील असं ठरलं, आणि हरीश ओल्वेनचा निरोप घ्यायला गेला. काय बोलायचं ते दोन दिवस घोकलेलं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. दारात उभं राहून त्याने हात वर केला आणि तोंडातून आपोआप निघालं – ‘आय अ‍ॅम कमिंग, देन.’ लहानपणी उंबऱ्यातून ‘जातो’ म्हटलं की आई परत आत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावायची; ते इतकं मुरलेलं की परक्या भाषेतही तेच बाहेर आलं. ओल्वेनने मान हलवली. तिने ते वाक्य अक्षरशः घेतलं. नटी ती, शब्दाला शब्द धरणारी.

उत्तर लिहायला तो अनेकदा बसला. हवापाणी, नातीचं, इरावतीचं, युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष, सगळं नीट उतरायचं आणि मग पेन त्याच वाक्याशी अडायचं – आमच्यात जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. खरं होतं ते. पण खरं असून कसं वाचलं जाईल? दुसरा कप उचलायला सांगा, असंच ना? कागद फाडायचा. आणि न लिहिणं म्हणजे तरी काय, रोज दुपारी तो कप… नको.

‘बाबा, हीट पंप चालू राहू द्या, बिलाचा विचार करू नका,’ असं सांगून सून, सुखदा, हॉस्पिटलला कामावर गेली. शंतनू तिच्याही आधी गेला होता. घर उबदार, काचा दुहेरी. समोरच्या रस्त्यावरून बस जाते ती मुकी. सगळे चांगले आहेत, कोणी काही लागट बोलत नाही. त्यामुळेच तर कुठे धडका द्यायच्या ते कळत नाही. ओल्वेनच्या दाराला निदान कुलूप तरी आहे.

ती वेल्सहून एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर आली होती. कंपनी परत गेली, ही राहिली. पापाकुरात फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात तिने नाइटक्लब काढला. परवाना नव्हता, म्हणून दारू चहाच्या कपातून दिली जायची. एक पोलीस नेमाने यायचा, चहा मागायचा आणि त्याला बिचाऱ्याला खरोखरच चहा मिळायचा. पुढे नाच थांबला, खुर्च्या आल्या, तळघराचं थिएटर झालं. हरीश फार्मसीत लागला तोवर क्लबच्या फक्त गोष्टी उरल्या होत्या. एकदा तो एका म्हाताऱ्याला, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, मूळव्याधीचं मलम कसं लावायचं ते सांगत होता. दुकानाच्या पार टोकाला घशाच्या गोळ्या निवडणारी बाई वळून म्हणाली, ‘हे कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचतंय. संध्याकाळी मोकळा आहेस?’

तसा तो प्रॉम्प्टर झाला. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याने अंधारात उभं राहून दुसऱ्यांना शब्द द्यायचे… आयुष्यात तेवढंच आपल्याला जमलं असं त्याला वाटे, आणि तेही जमलं का, असंही वाटे. कारण पहिल्याच नाटकात ओल्वेन मध्येच थांबली आणि त्याने घाबरून वाक्य पुरवलं. पडदा पडल्यावर ती विंगेत आली. ओरडली नाही. ‘तो पॉज होता, हरीश,’ ती म्हणाली. ‘मी लोकांना धरून ठेवलं होतं. विसरले की माझी बोटं हलतात. बोटं बघत जा.’

मग तो वर्षानुवर्षं तिची बोटं बघत राहिला. विराम की विसर, एवढंच ओळखायचं होतं.

आणि आता इतके महिने इकडून आवाज नाही. माझी बोटं तिला दिसत नाहीत. ती काय समजत असेल? धरून ठेवलंय की विसरलाय? मला तरी माहीत आहे का?

इरावती हेल्मेट अडकवत खोलीच्या दारात आली. ‘आय अ‍ॅम ऑफ, आजोबा.’

‘येते म्हण,’ तो सवयीने म्हणाला.

‘बट आय अ‍ॅम गोइंग.’

‘तरी येते म्हणायचं. आपल्यात तसंच असतं.’

हेल्मेटचा पट्टा तिच्या हातात तसाच राहिला. ‘सो… मग खरंच यावं लागतं? ऑर इज इट जस्ट अ थिंग यू से?’

त्याने आईला हे कधी विचारलं नव्हतं. पुण्याहून निघताना तो तिला ‘येतो’ म्हणाला होता, आणि परत आला तेव्हा ती… इरावती वाट बघत होती, खरंच वाट बघत होती, आणि विंगेतून कोणी शब्द देत नव्हतं.

‘स्वीट अ‍ॅज. चालेल, सांगा नंतर,’ ती म्हणाली. आणि दारातून, जड जिभेने, ‘येते.’

सायकल मुक्या काचेपलीकडून गेली.

त्याने कागद घेतला. हवापाणी नाही, खुलासा नाही. ‘डिअर ओल्वेन,’ आणि त्याखाली ते एकच वाक्य, दारात म्हटलेलं, जसंच्या तसं. खाली सही. वेलिंग्टनहून ऑकलंडला जाणारी गाडी इथे थांबते, पुढे पापाकुरालाही थांबते. हे त्याला कायमच माहीत होतं, त्यात आज नवीन काय? शंतनूला सांगावं लागेल. सांगता येईल का?

कोपऱ्यावरच्या डेअरीबाहेर – किराणा दुकानाला इथे डेअरीच म्हणतात – टपालाची लाल पेटी होती. लिफाफा फटीत अर्धा गेला आणि तिथेच राहिला, कारण दुसरं टोक त्याच्या चिमटीत होतं. वाक्य इंग्रजीत लिहिलं होतं. पण ते कुठल्या भाषेतलं होतं – ती वाचेल त्या, की आईच्या? त्याला सांगता येईना. चिमूट सुटली. आत कागदावर कागद पडल्याचा अगदी हलका आवाज झाला.

तो तिथेच उभा राहिला, तोंडावर थंडीतलं ऊन घेत, पुढचं वाक्य येत नसलेल्या नटासारखा. खिशात हात घालायला गेला तेव्हा त्याला दिसलं, की आपली बोटं हलतायत.