अस्वल चारच्या बाजूला

दुर्बिणीचं काळं झाकण तिच्या हातात देऊन तो म्हणाला, "धर, हरवू नकोस," आणि पुन्हा काचेबाहेर वळला... रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा. आता याला वागणं म्हणायचं? सकाळपासून गाडीत बसलेय, आणि पोटच्या पोराने आईशी काढलेला शब्द कोणता, तर श्श्! तोंड उघडलं की श्श्. खोकला आला तरी आधी त्याच्या मानेकडे बघायचं. का, तर जनावरं बुजतात. आई बुजली तर चालेल, जनावर बुजायला नको.

सून गाडी चालवत होती, मुलगा तिच्या शेजारी, आणि ती मागे, मांडीवर शाल, शालीवर झाकण. परक्या देशातला रस्ता, दोन्ही बाजूंना वाळकं गवत, लांबवर काळपट झाडी. हरणं दिसली, एक कोल्हा दिसला, तळ्यात एका पायावर उभे राहिलेले पक्षी दिसले — त्याला मात्र अस्वलच हवं होतं. "आईला अस्वल दाखवायचंच," असं तो घरातून निघताना म्हणाला होता, जसा काही तिनेच अस्वलासाठी हट्ट धरला होता. अस्वल दिसलं की परत फिरायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत शोधायचं. सुनेला उद्या इस्पितळात सकाळची पाळी होती. आणि दिसलं तर ओरडायचं नाही, हळूच घड्याळाचा आकडा सांगायचा. गाडीचं नाक बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. शाळा तिसरीतच सुटली असली तरी घड्याळ तिला कळत होतं. परवाचं परतीचं विमानही कळत होतं.

परवा... आणि अजून त्याने ते एक वाक्य काढलं नव्हतं. 'आई, आता एकटी राहू नकोस, इथेच राहा.' एवढंच. राहणार कोण होतं म्हणा! तिचा नकार केव्हाच तयार होता, येताना विमानात चांगला घोटून ठेवलेला — 'तुमच्या घरात मी पाहुणी म्हणूनच शोभते, बाबा, माझी गिरणी वाट बघतेय.' गिरणीचा पट्टा कधीचाच उतरवलाय, चक्कीवर आता शेजारणीची मांजर झोपते, पण ते याला कशाला सांगायचं? नाही म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं ना. आणि नकार ऐकूनही त्याने पुन्हा एकदा विचारलं असतं, तर... तर बघितलं असतं.

तशी काही ती आंधळी नव्हती. न्हाणीघराच्या भिंतीला नवी दांडी बसवलीय, धरून उठायला; खाली कोपऱ्यात भिंतीचा भुगा अजून तसाच. ही दोघं सशासारखी उड्या मारणारी, त्यांना दांडी कशाला? मागच्या खोलीतला पलंगही बुटका, माझे पाय जमिनीला टेकतील असा. बघितलं मी सगळं. पण दांडीला तोंड नसतं. दांडी लावली म्हणजे विचारलं असं होत नाही.

आणि हा मुका का झाला, तेच कळत नाही. गिरणी चालू असताना शेजारच्या माणसाचं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही मायलेक सगळं ओरडूनच बोलायचो — भूक लागली हेसुद्धा, पास झालो हेसुद्धा. दारातून दप्तर फेकत "आईऽऽ" अशी हाक मारायचा की दळणाला आलेल्या बाया दचकायच्या... पिठाने पांढऱ्या झालेल्या त्याच्या भुवया, आणि तो आवाज. कुठे ठेवून आला तो आवाज?

तेवढ्यात उजवीकडे, जरा मागे, झाडीच्या कडेला एक गोणी हलली.

गोणीच वाटली आधी. मग गोणीने मान वर केली. काळं, ढेरपोटं, झुडपाची फांदी पंजाने ओढून आरामात फळं खात होतं. चारच्या बाजूला. मुलाची दुर्बीण दहाच्या बाजूला लागलेली. तिच्या घशात गिरणीतला आवाज चढत आला, अरे चार, चारला बघ — दातांपर्यंत आला... आणि तिने झाकण मुठीत दाबलं. सांगितलं की गाडी वळणार. गाडी वळली की घर, घर आलं की बॅग, बॅग भरली की विमान. राहू दे. खा बाबा, पोटभर खा. थोड्या वेळाने अस्वल पाठ फिरवून झाडीत शिरलं.

"आई, काही दिसलं का?" सून आरशातून बघत होती.

"नाही गं. डोळ्यात कचरा गेला."

पुढे एका तळ्याशी गाडी थांबली, मुलगा उतरून लांब गेला. थर्मासमधला चहा ओतता ओतता सून म्हणाली, "आई, हा तुमच्याशी काही बोलला का?"

"कशाबद्दल?"

"त्यालाच विचारा ना."

"मी? मी का विचारू?"

"तोही अगदी हेच म्हणतो," सून म्हणाली, आणि हसली नाही.

चहा निवत गेला. तो तळ्याकाठी पाठमोरा उभा होता, खांदे ताठ, मान जरा तिरकी. गिऱ्हाईकाने भावावरून घासाघीस केली की मी अशीच उभी राहायची... ही मान माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही.

उजेड गेला तसा तो परत आला. "झाकण दे. नाही दिसलं आज. निघू या."

तिने झाकण दिलं नाही. विमानात घोटलेला नकार शोधून बघितला, एक शब्द आठवेना.

"होतं अस्वल. मगाशी. चारच्या बाजूला."

"काय? मग बोलली का नाहीस?"

"श्श् कोण करत होतं?" ती म्हणाली, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला, तळ्यातले पक्षी उडाले. "तुझं कुठे चुकतं सांगू? तू दबा धरून बसतोस. अस्वल मिळत असेल तसं, मला ठाऊक नाही. आई नाही मिळत. आईला हाक मारावी लागते, गाढवा... दारातून, दप्तर फेकून मारायचास तशी."