पाहुणे आले की मला उतरवतात

मी बोर्ड बोलून राहिलो. बोलून कसला, ओरडून राहिलो म्हणा. लोखंडी चौकटीत बसवलेला चार बाय तीनचा पत्रा, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. 'तिलक टेंभरे, डिजिटल मार्केटिंग सल्लागार, आमगाव', अन् खाली मोबाइल नंबर. माझ्या अंगावर एवढंच लिहिलं आहे आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. तरी या घरात लपवतात ते मलाच. आज हद्द झाली, म्हणून तोंड उघडलं. गोड बोलणं माझ्याच्यानं होणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म गोंदियाचा. बोर्ड बनवणाऱ्याच्या दुकानात तिलक उभा होता, अंगात पुण्याचा इस्त्रीचा शर्ट, पायात गावची चप्पल. दुकानदारानं विचारलं, "भैया, दुकान किस चीज की है?"

"दुकान नहीं है. सलाह देता हूँ."

"सलाह का भी बोर्ड लगता है क्या?" असं म्हणून तो हसला, आणि त्याचे दोन्ही कारागीर हसले. तिलक नाही हसला. त्यानं सांगितलं, "नाव मोठं करा. रस्त्यावरून दिसलं पाहिजे." मला तेव्हाच हा पोरगा आवडला. नावाची लाज नसलेला माणूस भेटला, असं वाटलं मला. किती मूर्ख होतो मी!

हा तिलक आठ वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत होता. कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या जाहिराती मोबाइलवर फिरवायची आणि तिलक त्या कोणाला, कधी, किती वेळा दिसाव्या ते ठरवायचा. तो तिथं नेमकं काय करतो हे आमगावात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. तरी मान केवढा! दिवाळीला आला की लोक खुर्ची ओढून द्यायचे. "पोरगा पुण्याला कंपनीत हाय," एवढं सांगितलं की त्याचे वडील इंदरलाल टेंभरे यांची मान वर व्हायची. मग तिलकनं राजीनामा दिला आणि घरी येऊन स्वतःचं काम सुरू केलं. आता तो काय करतो हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं, आणि आता मान नाही. सांगा, राग येणार नाही तर काय येईल?

"काढून टाकलं काय जी पोराले?" पानठेल्यावर पहिला प्रश्न हाच. इंदरलाल घरी येऊन धुसफुसायचे, "काऊन सोडली नोकरी? कायले सोडली? महिन्याच्या महिन्याले पगार येऊन राहिला होता, तो टोचत होता काय तुले?"

तिलक म्हणायचा, "बाबा, आठ वर्षं ज्यांचा माल विकला त्यातल्या एकाचंही तोंड नाही पाहिलं मी. इथं श्यामलालकाकांचा तांदूळ विकतो तर काका रोज भेटतात."

इंदरलालना ते पटायचं नाही. तरी त्यांनी मला लावू दिलं. पोर्चच्या भिंतीला चार बोल्ट मारले, शिडीवर स्वतः चढले. "धंदा करतोस ना, मंग बोर्ड पायजेच," म्हणाले. तो दिवस चांगला होता, खोटं कशाला बोलू. तिलकच्या आईनं, रामकलीबाईंनी मला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. येणारे-जाणारे थांबून मला वाचायचे आणि मी ताठ उभा राहायचो.

वाचायचे म्हणजे काय वाचायचे ते ऐका. 'डिजिटल' एवढाच शब्द वाचायचे आणि आत शिरायचे. कोणी सातबारा काढायला, कोणी आधारला मोबाइल जोडायला. एक जण तर आजीला सायकलवर बसवून तिचा हयातीचा दाखला काढायला आला. "बोर्ड त लावला हाय डिजिटलचा, मंग काऊन होत नाही?" असं वर माझ्याकडे बोट दाखवून भांडला. अरे बाबा, खाली 'मार्केटिंग सल्लागार' लिहिलं आहे, तेही वाच ना! पण तिलक कोणाला हाकलायचा नाही. ज्याचं जमेल त्याचं करून द्यायचा, बाकीच्यांना चौकातल्या केंद्राचा पत्ता सांगायचा.

हळूहळू खरी गिऱ्हाइकं आली. पहिले हे श्यामलाल. घरच्या शेतातला चिन्नोर तांदूळ विकायचे, वास घरभर दरवळणारा, पण गावाबाहेर कोणाला माहीत नव्हता. तिलकनं त्यांना धानाच्या बांधीत उभं करून फोटो काढला. श्यामलाल लाजून तोंड फिरवायला लागले, तर हा काय म्हणाला माहीत आहे? "काका, तोंड लपवू नका. माणूस दिसला तरच विश्वास बसते. आपलं काम आहे, आपण लाजायचं कायले?" पुढं नागपूर-रायपूरहून फोन यायला लागले. मग फॉल-पिको करणाऱ्या प्रेमिलाबाई आल्या, मग एक रोपवाटिकावाला. सगळ्यांना हा तेच सांगायचा, माझ्याखालीच बसून. ते वाक्य मला पाठ झालं होतं.

आणि याच माणसानं मला पहिल्यांदा उतरवू दिलं.

झालं असं की तिलक एकतीस वर्षांचा, लग्न व्हायचं. तीन स्थळं आली आणि तिन्ही परत गेली. "पोरगा काय करते?" "घरीच राहते, कॉम्प्युटरवर काम करते." एवढं ऐकलं की पुढचे लोक चहाचा कप खाली ठेवायचे. एकानं तर तोंडावर म्हटलं, "म्हणजे बेकारच ना जी." इंदरलाल त्या रात्री जेवले नाहीत. ते मी पाहिलं आहे, म्हणून त्यांना नुसत्या शिव्या देऊन मोकळा होत नाही मी. पण त्यांनी जे केलं ते माफ करण्यासारखं नव्हतं.

चौथं स्थळ तिरोड्याचं होतं. मुलगी प्रेरणा, तिथल्याच एका खाजगी शाळेत पाच वर्षांपासून गणित शिकवायची. तिलक मुलगी पाहून आला, दोघांचं पटलं. आता आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मुलीकडचे घर पाहायला येणार होते. त्या सकाळी इंदरलाल पाना घेऊन माझ्याजवळ आले.

"बाबा, हे काय करून राहिले?" तिलकनं विचारलं.

"त्यायले सांगितलं हाय, पोरगा पुण्याच्या कंपनीतच हाय. वर्क फ्रॉम होम. कंपनी बोलावल तवा जाईल. हा बोर्ड दिसला त सगळं मुसळ केरात."

"पण बाबा..."

"पण-बिन काही नाही. लगन होऊ दे, मंग लाव तुले लावाचा तेवढा मोठा."

मी वाट पाहून राहिलो होतो. म्हटलं आता बोलेल. श्यामलालना शिकवणारा आता बापाला सांगेल. तिलकनं मोबाइलकडे पाहिलं, मानेवरून हात फिरवला आणि आत निघून गेला. रामकलीबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. मला काढलं आणि परसात नेऊन पाण्याच्या टाक्यावर पालथं घातलं. झाकण म्हणून! सल्लागाराचा बोर्ड, टाक्याचं झाकण! वरून रामकलीबाई माझ्या पाठीवर वड्या वाळू घालायच्या.

पाहुणे आले, घर पाहिलं, धान पाहिलं, गोठा पाहिला. खूश होऊन गेले. होळीनंतर साखरपुडा झाला. मला वाटलं आता तरी लावतील, पण कसलं काय! "लगन होऊ दे." दीड महिना मी पाण्याकडे तोंड करून पडलो होतो. तिलक परसात हात धुवायला यायचा, माझ्यावरचा मग उचलायचा, ठेवायचा. माझ्याकडे बघायचा नाही. मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

मग एप्रिलमध्ये दोन्ही घरचे लग्नाचा बस्ता बांधायला गोंदियाला गेले. साड्या, शालू, आहेराचे कपडे. परतताना ऊन फार होतं म्हणून सगळे चहाला इथं थांबले. प्रेरणा पहिल्यांदा या घरी आली. हातपाय धुवायला ती परसात आली आणि पाणी घ्यायला तिनं मला एका बाजूनं उचललं.

तिनं वाचलं. मला पूर्ण सरळ केलं, पदरानं ओल पुसली आणि पुन्हा वाचलं.  पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्यावरचा नंबर लावला.

तिलककडे धंद्याचा मोबाइल वेगळा होता. त्यात प्रेरणाचा नंबर नव्हता. आणि गिऱ्हाइकाचा फोन कधीही सोडायचा नाही, ही त्याची सवय. समोर सासरेबुवा बसलेले, हातात चहा, आणि त्या सवयीनं घात केला. खिडकीतून मला साफ ऐकू आलं.

"नमस्कार! तिलक डिजिटल मार्केटिंग. बोला, तुमच्या व्यवसायासाठी काय करू शकतो?"

"मी काय बोलू?" प्रेरणा म्हणाली. "तुम्हीच बोला. मी टाक्याजवळ उभी आहे."

 ती मला दोन्ही हातांनी धरून तशीच समोरच्या खोलीत घेऊन गेली आणि भिंतीला टेकवून उभं केलं. ओल्या चौकटीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. इंदरलाल उठले, "बाई, तो जुना बोर्ड होय, तो..."

"बाबाजी, तुम्ही थांबा. मी यांना विचारून राहिली." ती तिलककडे वळली. "नोकरी कधी सोडली?"

"दोन वर्षं झाले."

"अन् मले सांगितलं, लगन झालं का पुण्याले जाऊ. पुण्यात शाळा पाहू तुह्यासाठी, असं म्हटलं का नाही?"

तिलक खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, मंग मी..."

"बाबांच्या तोंडानं किती दिवस बोलसान?" तिनं विचारलं. "तुम्ही नोकरी सोडली याचा मले राग नाही. हा बोर्ड दारावर असता त मी कदाचित हो म्हटलंही असतं. पण तुमच्या पुण्याच्या भरवशावर मी शाळेचा राजीनामा दिला. मागच्या सोमवारी माह्या जागेवर दुसऱ्या मॅडम आल्या. पाच वर्षं शिकवलं मी तिथं. तुम्ही नोकरी सोडली ते तुमच्या मर्जीनं. माही तुम्ही सोडवली, अन् मले माहीतही नाही."

तिच्या वडिलांनी कप खाली ठेवला. बस्त्याच्या पिशव्यांमधून आपल्या त्यांनी वेगळ्या केल्या आणि गाडी निघून गेली. लग्न मोडलं.

त्याच संध्याकाळी तिलकनं मला पुन्हा पोर्चवर लावलं. एकट्यानं. लोकांना वाटेल, बोर्ड खूश झाला असेल. काय खूश! मी भिंतीवर चढलो आणि तिरोड्यात एक शिकलेली पोरगी नोकरीवाचून घरी बसली. हे माझ्यामुळं झालं नाही, मला लपवल्यामुळं झालं. तिलकनं तिला दोनदा फोन केला, तिनं घेतला नाही, आणि यानं तिसऱ्यांदा केला नाही. घरी जाऊन माफी मागायची तर बातच सोडा. तरी मी स्वतःला समजावलं, की ठेच लागली, आता तरी हा सुधारला असेल. दोन महिने मी असंच समजत होतो.

आज रविवार. दवनीवाड्याचे पाहुणे यायचे आहेत, घर पाहायला. सकाळी इंदरलाल स्टूल घेऊन पोर्चमध्ये आले. हातात पाना. तिलक आत खुर्चीवर बसला होता, दार उघडं होतं, त्याला सगळं दिसत होतं.

मी ओरडलो. पत्र्याला आवाज नसतो, तरी ओरडलो. ऊठ ना बे! ऊठ! एका पोरीचं वाटोळं करून पोट भरलं नाही काय तुझं? लोकांना सांगतोस तोंड लपवू नका. ऊठ अन् एकदा तरी बापाला नाही म्हण!

तिलक उठला. बाहेर आला. म्हातारा स्टुलावर चढत होता, स्टूल डगमगत होतं.

"बाबा, हळू," तिलक म्हणाला, "पडसान." आणि त्यानं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून ठेवलं.

आता मी धानाच्या खोलीत आहे, पोत्यांच्या मागं, भिंतीकडे तोंड करून. बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज येऊन राहिला. रामकलीबाई पोहे परतून राहिल्या. तिलकशी मला आता काही बोलायचं नाही, त्याच्या बापाशीही नाही.

मला तुझ्याशी बोलायचं आहे, बाई. दवनीवाड्याची तू कोण आहेस, तुझं नाव काय, मला माहीत नाही. आज तू नाही, तुझे वडील येतील, काका येतील. त्यांना एवढं सांगून पाठव. पोर्चमध्ये शिरताना उजव्या हाताच्या भिंतीकडे बघा म्हणावं. तिथं चार छिद्रं दिसतील, आणि त्यांच्यामध्ये चौकोनी जागा, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. पोहे नंतर खा. आधी पोराला विचारा, बापाला नाही, पोराला, की इथं काय लावलं होतं?