वीस मिनिटांची फेरी

मी एक जुनी विमानवाहू नौका आहे आणि मित्रांनो, मी संतापलेली आहे. म्हातारीला राग शोभत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल खाली उतरावे आणि धक्क्यावरच्या दुकानातून माझे चित्र असलेला पेला विकत घ्यावा.

सात वर्षे माझ्या अंगावर ठिणग्या उडत होत्या. पत्र्याला पत्रा जोडत मी एवढी वाढले की माझ्या पोटात दोन हजार माणसे झोपायची आणि नवा माणूस आपली खाट शोधताना हमखास चुकायचा. माझ्या पाठीवरच्या धावपट्टीवरून विमाने उडायची, परतायची. मी एक लढाई पाहिली, दोन वादळे अंगावर घेतली. एकदा पुरात बुडालेल्या गावाची माणसे आठवडाभर माझ्या पोटात राहिली, शेळ्यांसकट. त्या शेळ्यांनी माझे दोर खाल्ले, पण त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो एका फेरीवरून. विमानाचे इंजिन भलते हावरे असते. धावपट्टीवर पडलेला एक स्क्रू जरी आत ओढला गेला, तरी त्याचे तीनतेरा वाजतात. म्हणून पहिले विमान उडण्याआधी सगळे जण खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभे राहायचे आणि खाली बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. कप्तानही आणि भांडी घासणाराही. घरी तांदूळ निवडतात तशी माझी पाठ निवडली जायची.

या फेरीचे म्होरके होते डेकवरचे एक जुने कारागीर. खडे वेचतात म्हणून सगळे त्यांना खडेमामा म्हणत. सापडलेली वस्तू त्यांच्या खिशातल्या डबीत जायची. "उचललेलं परत ठेवायचं नाही," हा त्यांचा नियम. त्यांची लहान मुलगी एकदा मला बघायला आली, तेव्हा तीही बापाचे बोट धरून ओळीत चालली होती.

मग माझा पंचविसावा वाढदिवस आला. धावपट्टीवर चारशे घडीच्या खुर्च्या मांडल्या, पोटभर भाषणे झाली. नंतर खुर्च्या उचलल्या, पाहुण्यांना बाजूला बसवले आणि त्यांना विमान उडताना दाखवायचे ठरले.

"साहेब, फेरी राहिलीय," मामा कप्तानांना म्हणाले. "वीस मिनिटं द्या."

"पाहुणे उन्हात ताटकळलेत, मामा. आज राहू दे."

"खुर्च्या होत्या साहेब इथे. त्यांचे स्क्रू ढिले असतात."

"मामा, पुरे!"

विमान धावले. स्क्रू मला पाठीवर टोचत होता, पण माझा आवाज कोण ऐकतो? इंजिन धडाडले आणि विमान समुद्रात गेले. वैमानिक हवाई छत्रीने उतरला, वाचला, पण पुन्हा कधी उडाला नाही.

संध्याकाळी साहेबांनी नोंदवहीत लिहिले, 'सकाळची फेरी झाली.' फेरी झाली आणि स्क्रू राहिला, म्हणजे चूक म्होरक्याची! सगळे खापर मामांवर फुटले. त्यांनी वीस मिनिटे मागितलेली ऐकणारे निदान दहा जण होते. चौकशीत दहाही जण मूग गिळून बसले. मामांना निरोप समारंभ न करता घरी पाठवले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही, तरी गेली.

आता मी निवृत्त आहे, संग्रहालय आहे. मला रंग देतात, माझे कौतुक करतात. आणि धावपट्टीच्या कडेला एक पाटी आहे: 'येथे डेक कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला.' वीस वर्षे मी हे खोटे अंगावर वागवते आहे.

गेल्या आठवड्यात एका शाळेची सहल आली. बाईंनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग मुलांना खांद्याला खांदा लावून उभे केले आणि स्वतः मधोमध खाली बघत चालू लागल्या. ती चाल मी ओळखली.

पहारेकरी धावत आला. "बाई, हे काय चाललंय? बंद व्हायची वेळ झाली!"

"वीस मिनिटं लागतात," बाई म्हणाल्या. "माझ्या बाबांनी मागितली होती, त्यांना मिळाली नाहीत. गेल्या वर्षी ते गेले. शेवटपर्यंत घरातसुद्धा खाली बघूनच चालायचे. आई म्हणायची, अहो, आता तरी मान वर करा."

पहारेकऱ्याने घड्याळाकडे पाहिले. मग तोही ओळीत उभा राहिला.

पेनाचे टोपण सापडले, केसांची पिन सापडली. शेवटी पाटीखाली एका मुलीने हात वर केला. "बाई, स्क्रू!"

"पाटीचाच आहे तो," पहारेकरी म्हणाला. "दोन आधीच गंजून पडलेत, हा तिसरा. द्या, बसवतो."

बाईंनी मूठ मिटली. "उचललेलं परत ठेवायचं नाही."

त्याने पाटीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला. "आज पेचकस पण नाहीये माझ्याकडे." पेचकस त्याच्या खिशातून चांगला वीतभर बाहेर डोकावत होता.

तेव्हापासून ती पाटी एकाच स्क्रूवर तिरकी लटकते आहे. मित्रांनो, माझ्यावर चढाल तेव्हा तोफा मागाहून बघा, आधी पायाखाली बघा. रंगाने मी टिकले नाही, रोजच्या त्या वीस मिनिटांनी टिकले. आणि चौथा स्क्रू पडलेला दिसला, तर उचला, खिशात टाका आणि कुणी कितीही मागितला तरी परत देऊ नका.