दातांनी तोडलेला दोरा

नव्या नोकरीचा नववा दिवस होता. मॉलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानात तिला महिनाभर तात्पुरतं ठेवलं होतं; मॅनेजर मॅडमच्या मनात भरली तर कायम, नाही तर घरी. त्यात भर म्हणून पोरीनं पहिल्याच दिवशी 'बाबांचा कपड्यांचा बिझनेस आहे' अशी थाप ठोकून ठेवली होती. बिझनेस म्हणजे जिन्याखालचं एक शिलाई मशीन.

आणि नेमके त्या दुपारी बाबा हजर! 'लेकीचं दुकान बघून येतो' असं आईला सांगून निघालेले. कडक इस्त्रीचा शर्ट, कॉलरच्या आत नेहमीसारखी टोचलेली सुई. ती वरच्या रॅकवरून गिऱ्हाइकाला शर्ट काढून देत होती, म्हणून ते गुपचूप एका महागड्या कोटापाशी जाऊन उभे राहिले. पण चाळीस वर्षांची खोड, ती कुठे जाणार? त्यांनी कोट उलटा करून शिवण पाहिली, एक लोंबता दोरा दिसला, आणि वाकून तो दातांनी कट्कन तोडला.

"अहो, कपडे काय चावताय?" मॅडम कडाडल्या. अख्खं दुकान वळून बघायला लागलं. बाबा ओशाळून हसले आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं.

मॅडमनी ती नजर टिपली. "तुझ्या ओळखीचे आहेत का गं?"

तिचे कान तापले. "नाही, मॅडम," ती म्हणाली. जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

बाबांनी कोट सुलटा केला, हँगरवर चढवला, खांदा हातानं नीट बसवला. "माफ करा हं, ताई," ते म्हणाले. मॅडमना नव्हे, तिला. घरी ती 'चिमणे' होती. मग सरकत्या जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ते खाली गेले.

संध्याकाळी तोच कोट विकला गेला. "फिनिशिंग बघा," मॅडम गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "एक दोरा लोंबताना दिसणार नाही." धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं.

रात्री ताटं वाढता वाढता आईनं विचारलं, "मग, कसं आहे लेकीचं दुकान?"

"अगं, केवढा तो मॉल! तासभर भटकलो, पण दुकान काही सापडलं नाही," बाबा म्हणाले. "माझंच चुकलं, पत्ता नीट विचारायला हवा होता."

तिनं आमटीची वाटी उगाच जवळ ओढली.

"आणि चिमणे, तो युनिफॉर्म काढून ठेव. उसवून सैल करतो. वरच्या रॅकला हात नेलास की काखेत ओढतो तो."

आईच्या काही लक्षात आलं नाही. लेकीला मात्र मान वर करायची लाज वाटली.