तिसरा माईक

तुम्ही मला ऐकलंय, बघितलेलं नाही. 'दोन घोट कमी' नावाचा विनोदी पॉडकास्ट नाशकात ज्यांनी ज्यांनी ऐकला, त्यांना कॅमेऱ्यामागून येणारं एक हसणं आठवत असेल. आधी घशात घरघर, मग फुटणं, मग श्वास आत ओढल्याचा आवाज, सायकलच्या पंपासारखा. ते हसणं माझं. लोक कमेंटमध्ये लिहायचे, 'हा मागचा पंपवाला कोण आहे, आपण याच्यासाठीच ऐकतो.' रविराज त्या कमेंटला हार्ट द्यायचा. उत्तर मात्र कधी द्यायचा नाही.

पंपवाला म्हणजे मी, प्रफुल्ल गांगुर्डे. वय एकोणतीस. सोमवार ते शनिवार कुरिअरच्या काउंटरवर पाकिटं घ्यायचो आणि रविवारी दुपारी कॉलेज रोडच्या फ्लॅटवर जाऊन हसायचो. फ्लॅट रविराजच्या वडिलांचा. दिंडोरीला त्यांची द्राक्षबाग. पोराच्या शिक्षणासाठी फ्लॅट घेतला, शिक्षण अर्ध्यात सुटलं, फ्लॅट उरला. त्याच्या एका खोलीच्या भिंतींना फोम चिकटवला, दोन खुर्च्या, दोन माईक, झाला स्टुडिओ. एका खुर्चीत रविराज, दुसरीत तेजल. मी कॅमेऱ्यामागे, द्राक्षाच्या उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर. दोन तास बसलो की ढुंगणावर जाळी उमटायची.

आणि नुसता हसायला नव्हतो मी. विनोद मीच लिहायचो. दोघांचेही. आठवडाभर काउंटरवर, पावत्यांच्या मागच्या बाजूला. लिहायचो आणि मग खोडायचो, कारण विनोदात एक शब्द जास्त झाला की तो तिथंच मरतो. कोणी शिकवलं नाही मला हे. माझं शिक्षण बारावी, तीही दुसऱ्या झटक्यात. तर रविवारी माझा विनोद रविराजच्या तोंडून बाहेर यायचा आणि त्यावर पहिला हसायचो मी. स्वतःच्या लग्नात वाढपी असल्यासारखं.

आईनं एकदा फोनवर अख्खा भाग बघितला. म्हणाली, "तू कुठंय यात?"

"तो हसतो ना मागून, तो मी."

"मागून?" तिनं फोन उलटा करून पाहिला. "आणि बोलणार कधी?"

तेच तर. मला तिसरा माईक पाहिजे होता. तिसरी खुर्ची आणि तिसरा माईक, बाकी काही नको. रविराजला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "प्रफ्या, फ्रेममध्ये तीन माणसं बसत नाहीत यार." दुसऱ्यांदा म्हणाला, "पुढच्या सीझनला." तिसऱ्यांदा नुसती मान हलवली, जशी आपण दारावर आलेल्या विक्रेत्याला हलवतो.

मग त्या दोघांचं फाटलं. पुण्याच्या एका मोठ्या पॉडकास्टनं तेजलला एकटीला पाहुणी बोलावलं. एवढंच कारण. रविराजनं तिला फोनवर 'अभिनंदन' म्हटलं आणि चार दिवसांत चॅनेलचा पासवर्ड बदलला. तेजलनं स्वतःचा पॉडकास्ट काढला, 'तर्री वेगळी'. नाशकात पॉडकास्टच्या नावात खाणंपिणं नसेल तर महापालिका परवानगी देत नसावी.

इथं असे सात पॉडकास्ट आहेत. सगळ्यांचे सगळ्यांवर दात, आणि ज्याच्यावर दात त्यालाच पुढच्या महिन्यात पाहुणा बोलवायचं. रविराज तेजलवर विनोद करायला लागला, तेजल रविराजवर. दोघांचेही आकडे वाढले. लोकांना वाटायचं नाटक आहे. नव्हतं. मी समोर बसायचो, मला माहीत आहे. तिचं नाव घेताना रविराजच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

एक दिवस तेजल कुरिअरच्या काउंटरवर आली. पाकीटबिकीट काही नव्हतं हातात.

"माझ्याकडे ये," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय माझं कोरडं जातंय. खुर्ची देते, माईक देते, नाव देते."

मागे रांगेत तीन माणसं उभी. मी म्हटलं, दोन दिवस दे. ती म्हणाली, "विचार कसला करतोस? तो तुला क्रेटवर बसवतो."

त्या रविवारी रविराजला ते कळलेलं होतं. कसं, ते विचारू नका, सात पॉडकास्टचं गाव आहे. त्यानं मला एक खोकं दाखवलं. नवाकोरा माईक, सील न फोडलेला. "तुझाच आहे," म्हणाला. "दिवाळीनंतर नवीन सेट करतोय, तीन खुर्च्यांचा. पण आत्ता गेलास तर गेलास."

मी राहिलो. आणि नुसता राहिलो नाही. निष्ठा दाखवायची होती ना, मग तेजलवर एक विनोद लिहून दिला. तिनं मला कधीतरी विश्वासानं सांगितलं होतं की पुण्याला पहिल्यांदा स्टेजवर जायची वेळ आली तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन बसली, बाहेरच येईना. मी लिहिलं, 'तेजलचा आजवरचा सगळ्यात लांब परफॉर्मन्स अकरा मिनिटांचा. आतून कडी लावून.' रविराजनं म्हटला. मी हसलो, पंप मारून हसलो. त्या क्लिपखाली तेजलनं काहीच लिहिलं नाही. नंतर तिचा फोन आला नाही. हे मी केलं, माझ्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. खोकं कपाटावर तसंच, त्यावर धूळ बसली. मी दर रविवारी त्याच्याकडे बघायचो आणि क्रेटवर बसायचो.

मार्चमध्ये आमच्या चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पडला. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, नाव कशाला पाहिजे, तुमच्याकडे वेगळ्या नावाचे असतील. तीस फुटी फ्लेक्स, त्यावर भाऊ मोबाईलवर बोलताना, खाली त्रेसष्ट शुभेच्छुक. वारा सुटला आणि बांबूंसकट खाली आला. खाली मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली भागीबाई. आमच्याच गल्लीतली, आईच्या वयाची. डोक्याला नऊ टाके पडले. भाऊ दवाखान्यात जाऊन ब्लँकेट देऊन आले, त्याचा फोटो निघाला, आणि आठवड्यात त्या फोटोचाच नवीन फ्लेक्स त्याच बांबूंवर लागला.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग पावतीमागे लिहिलं: 'भाऊंचा फ्लेक्स पडला, म्हातारी खाली सापडली. पाच वर्षांत भाऊंनी गरिबाच्या डोक्यावर दिलेलं हे पहिलं छप्पर.'

रविराजनं तो म्हटला. बरा म्हटला, हे मान्य करतो. क्लिप नऊ लाख लोकांनी पाहिली. आधी कधी चाळीस हजारांच्या वर गेलो नव्हतो. तीन दिवस रविराज शहरात हिरो होता. चौथ्या दिवशी, बुधवारी, फ्लॅटवर सहा जण आले. शिव्या नाहीत, आवाज नाही. सोफ्यावर बसले, चहा प्यायले. त्यातला एक, पांढरा शर्ट, भिंतीचा फोम दाबून बघत म्हणाला, "भारी केलंय. आवाज बाहेर जात नाही म्हणजे."

रविराज म्हणाला, "नाही जात, दादा."

"भाऊंना विनोद आवडतो. पण पोरं चिडलीत. ज्यानं केला त्यानं रविवारच्या आत व्हिडिओवर माफी मागायची. हात जोडून. विषय संपला."

हे सगळं मला रविराजनं फोनवर सांगितलं. आणि शुक्रवारी दुपारी बोलावलं. अर्धी रजा टाकून गेलो.

दार तेजलनं उघडलं.

मी दारातच थांबलो. ती म्हणाली, "ये ना, प्रफुल्ल." जसं काही मधलं वर्ष झालंच नव्हतं. रविराज आतून ओरडला, "चप्पल आत काढ, बाहेरून चोरीला जातात." आत तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीपुढे तो माईक. खोकं फोडलेलं, स्टँडवर बसवलेला, काळा, चकचकीत. त्याच्या जाळीला कोणाच्याही तोंडाचा वास लागलेला नव्हता.

"बस," रविराज म्हणाला. "बस रे, तुझाच आहे."

मी बसलो. खुर्चीला पाठ टेकायला जागा असते, हे त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं.

"आम्ही परत एकत्र येतोय," तेजल म्हणाली. "या भांडणात काही अर्थ नव्हता."

"भाऊंनी जुने भाग शोधून काढलेत," रविराज म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी हिनं पण त्यांच्या गॉगलवर केला होता. आठवतो? तू लिहिलेला."

आठवत होता.

"पप्पांचं त्यांच्याकडे काम अडकलंय, प्रफ्या. कोल्ड स्टोरेजचं. हिचा शो ज्या हॉलमध्ये आहे तो हॉल त्यांच्या मेव्हण्याचा. आम्ही दोघंही अडकलोय."

"आणि मी?"

रविराजनं माईकची वायर सरळ केली. मग तेजल शांतपणे म्हणाली, "जोक तुझाच होता ना?"

"लिहिला मी. म्हटला यानं."

"ते म्हणाले ज्यानं केला त्यानं," रविराज म्हणाला. "केला म्हणजे लिहिला. मी काय, मी वाचतो."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं कबूल केलं की तो वाचतो.

"मला मारतील," मी म्हटलं.

"तुला नाही मारणार. उलट तुझ्यामागे लोक उभे राहतील. तुमची संघटना असते, मोर्चे निघतात. आम्हाला कोण आहे? ते तुझ्याशी जपून वागतील."

'तुमची.' दोन वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं त्यानं, एकदा आडनाव काढलं नाही. काढलं ते असं, ढाल म्हणून. मी तेजलकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुला नाव पाहिजे होतं ना, प्रफुल्ल? खाली पट्टी टाकतोय. नाव, आणि पुढे लेखक." आणि वर, "अकरा मिनिटं वगैरे नाही लागणार. एका मिनिटाचं काम आहे."

उठून जायला पाहिजे होतं. सगळे सांगतात मला, उठायला पाहिजे होतंस. मलाही माहीत आहे. पण रविराजनं हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि मी घसा साफ केला, तर तो आवाज माझ्या दोन्ही कानांत जाड आणि स्वच्छ आला. असा आवाज आहे माझा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाटलं, आता लाल दिवा लागेल तेव्हा मी खरं बोलेन. भागीबाईचं नाव घेईन. नऊ टाके म्हणेन. एक विनोदही तयार होता.

लाल दिवा लागला. मी म्हटलं, "नमस्कार, मी प्रफुल्ल गांगुर्डे," आणि पुढे तेच बोललो जे समोर कागदावर लिहिलं होतं. कागद तेजलच्या अक्षरात होता.

तीन टेक झाले. पहिल्यात माझा चेहरा हसल्यासारखा दिसत होता. दुसऱ्यात तेजल म्हणाली, "हात छातीपाशी. वर नको, देवळात आल्यासारखं वाटतं." तिसरा चालला. कॅमेऱ्यामागे क्रेट रिकामाच होता. त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी हसत नव्हतं.

रविराजनं माझ्यासमोर पांढऱ्या शर्टवाल्याला फोन लावला. स्पीकरवर. "दादा, लेखकानं मागितलीय माफी. गांगुर्डे म्हणून आहे."

"गांगुर्डे का," पलीकडचा म्हणाला. "मग बरोबर आहे."

व्हिडिओ टाकला. 'हा कोण?' ही सगळ्यात वरची कमेंट. खाली काय काय होतं ते लिहीत नाही, तुम्हाला आडनावावरून येतं ते सगळं होतं. पंपवाला मीच, हे एकालाही कळलं नाही. मी हसलोच नव्हतो ना.

सोमवारी कुरिअरच्या मालकानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको, भाऊंचा फ्लेक्स आपल्याच दुकानावर लागतो. कॉलनीतल्या सावळीरामकाकांकडे गेलो. आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष, शब्दाला वजन. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "जोक करताना आम्हाला विचारलं होतं? माफी मागताना तरी? आता तू कबूलच केलंय तर आम्ही कशासाठी उभं राहायचं, माफीसाठी?" त्यांचं चुकलं नव्हतं, हाच त्रास आहे.

भागीबाई परत चौकात बसायला लागली आहे, त्याच फ्लेक्सखाली. मला हाक मारली तिनं. "तू कशापायी माफी मांगितली रे? टाके तं मला पडले." तिला खरंच कळत नव्हतं. टोमणा नव्हता तो. तिनं मला मेथीची जुडी दिली आणि मी ती घेतली.

आईनं व्हिडिओ बघितला. फक्त विचारलं, "तो माईक घरी देतात का?"

परवा सीबीएस स्टँडवर बसची वाट बघत उभा होतो. चांदवडला एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे काट्यावर बसायचं काम आहे, ते बघायला निघालो होतो. बाकावर दोन पोरी, एकाच फोनमध्ये डोकं घालून. फोनमधून रविराजचा आवाज आला, मग तेजलचा. नवा पॉडकास्ट, नवं नाव, दोन खुर्च्या.

रविराज म्हणत होता, "आमच्याकडे एक लेखक होता. दोन वर्षं माईक मागत होता. शेवटी दिला, तर पठ्ठ्या माफी मागायला लागला."

आणि मी हसलो.

मी म्हणजे फोनमधला मी. घरघर, फुटणं, मग पंप. त्यांनी माझं हसणं कापून ठेवलं होतं, कुठल्यातरी जुन्या भागातून, आणि आता बटणावर लावलं होतं. कुठला भाग तेही ओळखलं मी. त्या अकरा मिनिटांच्या विनोदाचा. ते हसू संपताना क्रेट करकरल्याचा आवाज येतो, तोही त्यांनी तसाच राहू दिला होता.

पोरीही हसल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं, "हा मागचा बघ ना, वेडा आहे." आणि परत लावलं. मी परत हसलो.

विनोद वाईट नव्हता. 'शेवटी' काढायला पाहिजे होतं.