वाकड्या तोंडाची नळी

मित्रांनो, मी मेणबत्त्यांचा साचा. पत्र्याचा, म्हातारा आणि सहा तोंडांचा. तेव्हा थोडं जास्त बोललो तर चालवून घ्या. १९५१ साली वर्ध्याच्या ताराचंद पत्रेवाल्यानं सहा निमुळत्या नळ्या गोल उभ्या करून मला घडवलं आणि कारंज्याच्या रस्त्यावरच्या आमच्या लहानशा चर्चात धाडून दिलं.

माझं काम वर्षातून एकदाच. बाळ येशू चाळीस दिवसांचा झाला तेव्हा मरियेनं त्याला मंदिरात नेलं. त्याची आठवण म्हणून दोन फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा सण होतो. फादर मेणबत्त्यांना आशीर्वाद देत, सगळे त्या पेटवून चर्चला फेरी घालत आणि उरलेली मेणबत्ती घरी जपून ठेवत. वादळात, बाळंतपणात, कुणाच्या शेवटच्या घटकेला ती लागायची.

चर्चची झाडलोट करणाऱ्या मनकर्णाबाई मेण ओतत. जंगलाकडच्या गोंड वस्तीतली बायजा मधाच्या पोळ्यांचं मेण आणून देई. आधी प्रत्येक नळीत वात ओवायची, मग काडीला चिंधी गुंडाळून आतून जवसाचं तेल फिरवायचं, मग मेण. तेल लावायचं राहिलं की मेणबत्ती आतच चिकटते.

पहिल्याच वर्षी विहिरीवर मी बाईंच्या हातून निसटलो आणि एका नळीचं तोंड बाहेर वाकलं. तेव्हापासून त्या नळीतली मेणबत्ती बुडाशी फुगीर निघे, धड उभी राहत नसे. टोपलीतून मेणबत्त्या उचलणाऱ्यांची मी मनात नोंद ठेवली आहे. सगळ्यांत मोठ्यानं प्रार्थना म्हणणारेच तीन-तीन चाचपून सरळ तेवढी घेत! फुगीर मागे राहत आणि बाईंच्या घरी जात.

पुढे बाईंना दिसेनासं झालं. हे फक्त मला कळलं, कारण त्यांची बोटं माझ्यावर फिरत. वाकड्या तोंडापासून तेल लावायला लागायचं, गोल फिरून वाकड्या तोंडाशी आलं की सहा झाल्या. एकही नळी कधी चुकली नाही.

बाईंनी कुणाला सांगितलं नाही. शाळेचे प्रभाकरराव मास्तर दरवर्षी म्हणत, "बाई, नागपूरहून मेणबत्त्यांची पेटीच मागवू. तुम्ही काऊन हात पोळून घेता?" मास्तर वाईट नव्हते. त्यांना सरळ रेषा फार आवडत, एवढंच. पण डोळ्यांचं त्यांना कळलं असतं तर पेटी आली असती, आणि बाई घरी बसल्या असत्या. वर्षभर त्या ज्या दिवसाची वाट पाहत, तोच गेला असता.

१९५७ साली मास्तरांना माझी दया आली. बाईंना न सांगता त्यांनी मला वर्ध्याला ताराचंदकडे नेलं आणि तोंड ठोकून सरळ करून आणलं. मीही मूर्ख, चकाकत परत आलो.

सणाच्या आदल्या सकाळी बायजा मेण घेऊन आली. पाठीला तान्ही पोर, दुसऱ्या दिवशी चाळीस दिवसांची होणारी.

"मावशी, माह्या पोरीची बत्ती याच मेणाची पाह्यजे बरं."

"देईन व. तुह्याच मेणाची देईन."

बाईंनी मला मांडीत घेतलं. बोटं फिरली. एकदा, दोनदा. सगळी तोंडं सारखी! शेवटी त्यांनी अंदाजानं तेल लावलं. पहिल्या खेपेला एक मेणबत्ती आत तुटली. दुसऱ्या खेपेला दोन.

"मेण कच्चं असन का?" बायजा घाबरून म्हणाली.

"मेण चांगलं हाय, बाई. थंडीनं झालं असन."

तेवढ्यात मास्तर आले. "काय होऊन राह्यलं, बाई? साचा तर मी नव्यासारखा करून आणला!"

"तुमी केला?" बाईंचा हात थांबला. "ते वाकडं तोंड..."

"सरळ केलं न!"

तेलाची काडी घेऊन बाईंनी पुन्हा सुरुवात केली. मास्तर समोर उभे होते. तेल लागलेल्या नळीतच काडी पुन्हा शिरली, आणि शेजारची कोरडी राहिली. बाईंची नजर मात्र भिंतीकडे होती. मास्तरांचं हसू हळूहळू मावळलं.

"जरा द्या इकडे," म्हणून त्यांनी मला उचललं आणि बाहेर पायरीवर नेलं. इकडेतिकडे पाहिलं. मग एका नळीचं तोंड दगडाच्या कडेवर टेकवून असं हाणलं, की माझ्या साती जन्मांचा गंज उडाला!

परत आत येऊन ते म्हणाले, "त्या ताराचंदचं काम काही खरं नाही, बाई. पाहा, पुन्हा वाकलं."

बाईंनी तोंड चाचपलं. चेहरा उजळला. मग त्या खुदकन हसल्या. "मास्तर, डोळे गेले माहे. कान नाई गेले."

मास्तर लाजले. "नागपूरला पेटीचं पत्र मी काही टाकत नाही," एवढंच पुटपुटले आणि चुलीत लाकूड सारायला बसले.

तुटलेलं सगळं पुन्हा वितळलं आणि दुपारपर्यंत टोपली भरली. सणाला बायजानं तिच्या मेणाची मेणबत्ती पोरीच्या इवल्या मुठीला टेकवून धरली. आणि मास्तरांनी, माझ्या नोंदीत पहिल्यांदाच, हात घालून फुगीर उचलली.

मित्रांनो, आता मी फळीवर असतो. मला पुसा, गंज काढा, हरकत नाही. पण कुणाची वाकडी वस्तू सरळ करायला घ्याल, तेव्हा आधी तिच्या माणसाला विचारा. तिथे कुणाची तरी बोटं वाट शोधत असतील.