‘येते’ न म्हणणारी वायरमन

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या तोंडातल्या उरलेल्या दोन्ही दाढा पडोत, आणि त्या दाढांवर माझा किती जीव आहे ते शेंगदाण्यांना विचारा.

तर दोघी बहिणी होत्या. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला धाकटीच, ती अडुसष्टची झाली तरी. ताईची फुप्फुसं कामाला कंटाळलेली. म्हणून तिच्या पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र. ते हवा ओढायचं, त्यातला प्राणवायू निवडून काढायचं आणि नळीतून ताईच्या नाकात सोडायचं. चोवीस तास घरघर. धाकटी म्हणायची, ताईने लग्न केलं नाही पण घोरणारा मिळालाच.

हा घोरणारा चालायचा विजेवर, आणि वीज म्हणजे त्या गल्लीतली रुसूबाई. कधी जाईल त्याचा नेम नाही. मागच्या वादळात गेली ती पाच तास. जवळ प्राणवायूचं एकच सिलिंडर होतं, ते लावलं. धाकटी स्टुलावर बसून त्याचा काटा बघत राहिली. डोळे मिटले तर काटा खाली घसरेल अशी तिची समजूत, म्हणून पापणीसुद्धा जपून लवायची. काटा लाल पट्टीला टेकला आणि वीज आली. ताई म्हणाली, “झालं ना? आता रड.” मग धाकटी मनसोक्त रडली.

ही हकिगत ऐकून दोघींच्या मावसबहिणीच्या मुलाने, म्हणजे भाच्याने, जनरेटर आणला. भाचा तसा मनाचा मोठा, पण हात आणि डोकं यांची कधी ओळख झालेली नाही. म्हणाला, मावशी, वायरमन कशाला? स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत ठेवू. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर मी करून आणलीय. एक टोक जनरेटरात, दुसरं भिंतीतल्या सॉकेटात, की घरभर वीज. धाकटीचं मन वळलंही होतं. पण ताईने पलंगावरूनच वर बोट दाखवलं. वर भाच्याने बसवलेला पंखा होता. तो आठ वर्षं छताला वारा घालत होता.

मग वायरमनला फोन गेला. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात एक बुटकी, पन्नाशीची बाई, कमरेला हत्यारांचा पट्टा. धाकटीने तिच्या खांद्यावरून मागे डोकावून पाहिलं आणि विचारलं, वायरमन गाडी लावतोय का?

“वायरमन मीच. खांबाला काही फरक पडत नाही, मावशी.”

बाई वीस वर्षं वीज कंपनीच्या खांबांवर चढलेली, आता स्वतःचं काम बघणारी. तिने आधी गॅलरी पाहिली. म्हणाली, इथे यंत्र ठेवलं तर धूर सरळ आजारी बाईंच्या खिडकीत शिरेल. प्राण वाचवायला आणलेलं यंत्र प्राण घेईल. मग तिची नजर दोन पिनांच्या वायरीवर गेली. ती तिने गुंडाळली आणि न विचारता आपल्या पिशवीत टाकली. भाचा म्हणाला, अहो, माझी आहे ती.

“या वायरीने घरातली वीज उलटी रस्त्यावरच्या तारेत शिरते,” ती म्हणाली. “तार बंद आहे असं समजून खांबावर कोणी चढलेला असतो.”

भाचा म्हणाला, असं पुस्तकात असतं. बाईने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी दुधाच्या सायीसारखी गोळा झालेली. भाच्याला एकदम आठवलं की त्याला कुठेतरी जायचंय.

त्यानंतर तिने धाकटीला विचारलं, वीज गेल्यावर काय काय चालायला हवं? धाकटी सुटली. फ्रिज, मिक्सर, गीझर, इस्त्री, टीव्ही, अंगणातला दिवा. बाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “यातलं काय बंद पडलं तर कोणाचा जीव जाईल?”

 धाकटीने ताईच्या खोलीकडे बोट केलं. पहिली वायर तिथेच ओढली गेली. फ्रिज आणि दोन दिवे नंतर. इस्त्री राहिली ती राहिलीच.

दोन दिवस काम चाललं. खिडक्यांपासून लांब, अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटची लादी टाकून त्यावर यंत्र बसलं. मीटरशेजारी एक पेटी लागली. वीज गेली की ती पेटी आधी घराचा रस्त्याशी संबंध तोडणार, मग यंत्र आपोआप चालू करणार. बाई म्हणाली, दहा सेकंद लागतील, तेवढं घाबरू नका. हत्यारं आवरली, पट्टा आवळला आणि दारात वळून म्हणाली, “जाते.”

 आपल्याकडे निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. जाते ती एक वीज तेवढी, आणि ती गेल्यावर काय होतं ते धाकटीने स्टुलावर बसून पाहिलेलं. ती म्हणाली, अगं, घरात आजारी माणूस आहे, येते म्हण.

“मी येते म्हटलं तर काहीतरी बिघडायला हवं ना? माझं काम चांगलं झालं असेल तर मला परत यावं लागणार नाही. जाते.” आणि खरंच गेली. धाकटी तीन दिवस ‘आगाऊ कुठली’ असं पुटपुटत होती.

चौथ्या दिवशी भर दुपारी वारा सुटला. कसला वारा म्हणता, शेजाऱ्यांची कोंबडी पुढे पाय टाकायची आणि मागे जायची. आली तशी उलट्या पावली आमच्या फाटकातून गेली. फाटक करकरलं, दिवा लुकलुकला आणि वीज गेली.

ताईचं यंत्र एकदा किंचाळलं आणि त्याची घरघर थांबली. धाकटी स्टुलावर बसली, ताईचा हात धरला आणि मोजायला लागली. एक. दोन. पाचला ताईची छाती भराभर वर-खाली होऊ लागली. आठला धाकटीला आठवलं, ती बाई जाते म्हणाली होती. दहा. अकरा. बारा, आणि अंगणात काहीतरी खाकरलं. गुरगुरलं. दिवा लागला, आणि घोरणारा पुन्हा घोरू लागला.

ताईने चार श्वास घेतले. मग म्हणाली, “हात सोड. मोडशील.”

रस्त्यावरची वीज आली ती संध्याकाळी. तोवर धाकटीने अंगणात जाऊन यंत्राच्या पाठीवरून तीनदा हात फिरवला होता.

दुसऱ्या दिवशी तिने बाईला फोन केला, आभार मानायला. पलीकडून, “वायर सुटलीय का काही?” असं आलं. धाकटीच्या तोंडातून भलतंच निघालं. म्हणाली, हो, यंत्र खोकतंय, लगेच ये.

बाई पाऊण तासात हजर. यंत्र उघडलं, कान लावला, चालवून पाहिलं. काही नाही. घरात आली तर टेबलावर तीन कप चहा, आणि ताई नळीसकट खुर्चीत बसलेली. महिन्यात पहिल्यांदा पलंग सोडून.

“हिला आभार मानता येत नाहीत,” ताई थांबत थांबत म्हणाली. “लहानपणापासून. खोटंच बोलते. काल मी श्वास घेतला, तो तुझा होता. बस आता.”

बाई बसली.  चहात साखर घालून इतका वेळ ढवळत राहिली की धाकटीने शेवटी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. तिघी अंधार पडेपर्यंत बसल्या. बाईने खांबावरून दिसणारी जगभरची गुपितं सांगितली, ताई हसली आणि हसताना खोकलीही नाही.

निघताना बाई पट्टा आवळत दारात उभी राहिली. धाकटी म्हणाली, आज काही बिघडलं होतं का? नाही ना? तरी आलीस ना?

बाईने जरा विचार केला. “येते,” ती म्हणाली. आणि दर रविवारी येते, हत्यारं न घेता.

सगळं खरं, दाढांची शपथ. फक्त ते बारा सेकंद. बाईने दहा सांगितले होते आणि झालेही दहाच. वरचे दोन मी पदरचे घातले. त्या स्टुलावर माझ्यासारखं बसून मोजून बघा, तुम्हीही घालाल. एक दाढ गेली समजा. पण कोंबडी उलटीच चालत होती.